डायलिसिस सुरू असताना हृदयाचे ठोके बिघडले तर? रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा पेच नेमका काय आहे?

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, दर वेळी साधारण चार तास. डायलिसिसवर असलेल्या माणसाचं आणि त्याच्या घरच्यांचं सगळं वेळापत्रक या तासांभोवती फिरत असतं. अशातच एखाद्या दिवशी रुग्णाला धडधडायला लागतं, ईसीजी काढला जातो आणि डॉक्टर सांगतात, "ठोके अनियमित आहेत. एएफ आहे."

किडनी धडधाकट असलेल्या माणसाला हा आजार झाला, तर पुढे काय करायचं हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. ठोक्यांचा वेग आवरायचा आणि मेंदूत गुठळी जाऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू करायची. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र दोन अनुभवी डॉक्टर दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात. एक म्हणतील, गोळी सुरू करा. दुसरे म्हणतील, नको. आणि दोघांपैकी कुणीतरी चुकतंच आहे, असंही नसतं.

असं का होतं? यावर संशोधन काय सांगतं? आणि गोळीचा निर्णय होईपर्यंत रुग्णाच्या हातात काय असतं? समजून घेऊया.

ठोके अनियमित होतात म्हणजे काय होतं?

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे रक्त गोळा करतात, खालचे दोन ते फुप्फुसांकडे आणि बाकी शरीराकडे ढकलतात. वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका छोट्या केंद्रातून विजेचा संदेश निघतो आणि त्याच्या तालावर सगळे कप्पे आकुंचन पावतात. माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफमध्ये वरच्या कप्प्यांत विजेचे विस्कळीत संदेश सुटू लागतात. कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी कशीही लागते, कधी जलद, कधी मध्येच ठोका चुकल्यासारखी. काहींना धडधड, दम लागणं, थकवा, चक्कर असा त्रास होतो. काहींना काहीच जाणवत नाही.

मोठा धोका वेगळाच आहे. कप्पे थरथरत राहिले की आत रक्त साचतं. वरच्या डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. साचलेल्या रक्ताची गुठळी बहुतेक वेळा तिथे तयार होते. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे पाचपट असतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासातून पुढे आलं.

डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण जास्त का?

डायलिसिस घेणाऱ्या साधारण दर दहा रुग्णांपैकी किमान एकाला एएफ असतो, असं वेगवेगळ्या देशांतले अभ्यास सांगतात. वय वाढतं तसं हे प्रमाणही वाढतं. याची कारणं दोन प्रकारची आहेत.

पहिली कारणं वर्षानुवर्षं साचलेली असतात. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे किडनी निकामी होण्याची मोठी कारणं आहेत आणि दोन्हींमुळे हृदयाचे स्नायूही जाड आणि ताठर होतात. शरीरात पाणी साठत राहिल्याने वरचे कप्पे ताणले जातात. रक्तवाहिन्या आणि झडपांवर कॅल्शियमचे थर बसतात.

दुसरी कारणं डायलिसिसच्या चक्रातूनच येतात. किडनी चोवीस तास, थोडं थोडं काम करते. मशीनला मात्र दोन-तीन दिवसांचं काम चार तासांत उरकायचं असतं. त्यामुळे पाणी, पोटॅशियम, कॅल्शियम आणि रक्तातली आम्लता हे सगळं झपाट्याने बदलतं. हृदयाची विजेची यंत्रणा नेमकी याच क्षारांवर चालते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत आणि अमेरिकेतल्या ६६ डायलिसिस रुग्णांच्या छातीच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवण्यात आलं. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ जणांमध्ये, म्हणजे सुमारे ६७ टक्के रुग्णांमध्ये, डॉक्टरांनी दखल घ्यावी असे ठोक्यांचे बिघाड नोंदले गेले. २७ जणांमध्ये एएफ आढळला. विशेष म्हणजे गंभीर नोंदींपैकी बहुतांश ठोके खूप मंद होण्याच्या होत्या. आठवड्यातल्या पहिल्या डायलिसिसच्या वेळी हे बिघाड सर्वाधिक होते आणि मोठ्या खंडाच्या शेवटच्या १२ तासांतही ते वाढलेले दिसले.

मोठा खंड म्हणजे काय? सोमवार, बुधवार, शुक्रवार असं वेळापत्रक असलं, की शुक्रवारनंतर थेट सोमवार उजाडतो. याच खंडाबद्दल २०११ मध्ये अमेरिकेतल्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकारामुळे दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त असल्याचं त्यात दिसलं.

भारतात खर्च, प्रवास आणि मशीनची उपलब्धता यामुळे अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. त्यांच्यासाठी खंड तीन-चार दिवसांचा होतो.

उपचार म्हणजे नेमकं काय काय?

एएफच्या उपचारांत तीन वेगळी कामं असतात. पहिलं, ठोक्यांचा वेग आवरणं. दुसरं, शक्य असेल तर ताल पुन्हा नीट बसवणं. तिसरं, गुठळी होऊ न देणं. ही कामं वेगवेगळी आहेत, हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं. धडधड थांबली म्हणजे गुठळीचा धोका संपला, असं नाही.

वेग आवरण्यासाठी बहुधा बीटा ब्लॉकर गटातली गोळी दिली जाते. इथे डायलिसिसचा एक खास मुद्दा येतो. या गटातल्या मेटोप्रोलॉल आणि अॅटेनोलॉलसारख्या गोळ्या डायलिसिसमध्ये रक्तातून बऱ्याच प्रमाणात धुऊन निघतात. कार्व्हेडिलॉल तशी निघत नाही, पण तिच्यामुळे मशीनवर बीपी एकदम खाली येण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे कोणती गोळी निवडायची आणि डायलिसिसच्या दिवशी ती आधी घ्यायची की नंतर, हे डॉक्टरांकडून नेमकं लिहून घ्यावं.

डिगॉक्सिन हे जुनं औषध प्रामुख्याने किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी बंद असेल तर ते अंगात साठतं आणि डायलिसिसमध्येही फारसं निघत नाही. त्यात मशीनवर पोटॅशियम घसरलं की त्याचा विषारी परिणाम वाढतो. म्हणून डायलिसिस रुग्णांमध्ये ते टाळण्याकडे किंवा अगदी कमी मात्रेत, रक्ततपासणी करत देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

ताल सुधारण्यासाठीच्या औषधांपैकी सोटॅलॉल किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे ते या रुग्णांसाठी धोक्याचं ठरू शकतं. अमिओडॅरोनचा निचरा किडनीवर अवलंबून नसल्यामुळे ते वापरलं जातं. पण त्याचे थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांवर दुष्परिणाम होऊ शकतात. शिवाय ते वॉरफेरिनसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढवतं. रुग्णाची प्रकृती एकदम ढासळली, बीपी खाली गेलं, तर विजेचा नियंत्रित झटका देऊन ताल परत आणला जातो.

मग गोळीचा पेच कुठे आहे?

पेच तिसऱ्या कामात आहे, म्हणजे रक्त पातळ करण्यात.

'रक्त पातळ करणारी' हा आपला बोलीतला शब्द. या गोळ्यांनी रक्त खरोखर पातळ होत नाही, ते गोठण्याची प्रक्रिया मंदावते. एएफच्या इतर रुग्णांमध्ये वॉरफेरिनमुळे पक्षाघाताचा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो. त्यामुळे त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. रक्तस्रावाचा थोडा धोका पत्करून पक्षाघात टाळायचा.

डायलिसिसवरच्या रुग्णाचा तराजू मात्र दोन्ही बाजूंनी जड असतो. गुठळीचा धोका जास्त असतोच. दुसरीकडे, किडनी निकामी झाल्यावर रक्तातल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत, त्यामुळे रक्तस्राव सहज होतो. त्यातच मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून दर वेळी हेपॅरिन दिलं जातं. फिस्टुलामध्ये दर वेळी दोन जाड सुया टोचल्या जातात. अनेकांना हृदयासाठी अॅस्पिरिन सुरू असतं. या सगळ्यात आणखी एक रक्त पातळ करणारी गोळी आली, की आतड्यातून किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती खरी ठरते.

धोका मोजण्यासाठी वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात अशा गोष्टींना गुण देणारी एक पद्धत डॉक्टर वापरतात. पण ही गुणपद्धत डायलिसिस रुग्णांना समोर ठेवून तयार झालेली नाही. शिवाय त्यातली पुष्कळशी कारणं रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात. जास्त गुण असलेल्या रुग्णाला गोळीची गरज जास्त आणि त्यालाच गोळीची भीतीही जास्त, अशी ही अवस्था आहे.

वॉरफेरिनची अडचण काय?

वॉरफेरिनचा शोध अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लागला. कुजलेला चारा खाऊन जनावरं रक्तस्रावाने मरत होती, त्याचं कारण शोधताना हा पदार्थांचा गट सापडला. १९४८ पासून वॉरफेरिन उंदीर मारण्यासाठी वापरलं जाऊ लागलं आणि १९५४ मध्ये ते माणसांच्या उपचारात आलं.

ही गोळी 'के' जीवनसत्त्वाचं काम अडवते. तिचा परिणाम आयएनआर या रक्ततपासणीने मोजतात आणि एएफमध्ये तो बहुतेक वेळा २ ते ३ दरम्यान ठेवायचा असतो. खाणंपिणं, प्रतिजैविकं, आजारपण अशा कशानेही आयएनआर वरखाली होतो. डायलिसिस रुग्णांमध्ये तर तो आवाक्यात ठेवणं फारच कठीण जातं.

दुसरी अडचण कॅल्शियमची. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू नये म्हणून शरीरात एक प्रथिन काम करतं. त्यालाही 'के' जीवनसत्त्व लागतं. वॉरफेरिनमुळे तेही अडतं. डायलिसिसवर असताना कॅल्सिफिलॅक्सिस नावाचा एक दुर्मिळ पण अतिशय वेदनादायक आजार होऊ शकतो. त्यात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि पोट, मांड्या किंवा पायांवर काळ्या जखमा होतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये याचा धोका वाढतो.

नव्या गोळ्यांनी प्रश्न सुटला का?

२००९ नंतर आलेल्या नव्या गोळ्यांना आयएनआर तपासावा लागत नाही. पण त्या कमी-अधिक प्रमाणात किडनीवाटेच बाहेर पडतात. डॅबिगाट्रानचा सुमारे ८० टक्के भाग किडनीवाटे जातो, एडोक्साबॅनचा सुमारे ५० टक्के, तर अपिक्साबॅनचा सुमारे २७ टक्के. म्हणूनच डायलिसिस रुग्णांसाठी चर्चा मुख्यतः अपिक्साबॅनभोवती फिरते.

आता मुद्द्याची गोष्ट. अपिक्साबॅनची उपयुक्तता सिद्ध करणारी मोठी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १८,२०१ रुग्ण होते. पण किडनी फार खराब असलेल्यांना तिच्यात घेतलंच नव्हतं, आणि डायलिसिसवरच्यांना तर नाहीच. इतर नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतही असंच झालं. ज्यांच्यासाठी उत्तर सर्वांत अवघड, तेच रुग्ण प्रश्न विचारला गेला तेव्हा बाहेर राहिले.

तरीही २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने डायलिसिस रुग्णांसाठी अपिक्साबॅनचा डोस माहितीपत्रकात घातला. आधार होता तो ८ डायलिसिस रुग्णांना एक डोस देऊन रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजलेल्या अभ्यासाचा. पक्षाघात टळतो का, रक्तस्राव किती होतो, हे त्यात तपासलेलं नव्हतं. युरोपच्या नियामकाने मात्र डायलिसिसवर ही गोळी देण्याची शिफारस केलेली नाही.

डोसचाही घोळ आहे. अमेरिकी माहितीपत्रकाप्रमाणे दिवसातून दोनदा ५ मिलिग्रॅम, आणि वय ८० किंवा त्याहून जास्त किंवा वजन ६० किलो किंवा त्याहून कमी असेल तर अडीच मिलिग्रॅम. २०१७ मध्ये ७ रुग्णांवरच्या छोट्या अभ्यासात मात्र अडीच मिलिग्रॅम दोनदा घेतल्यावरच रक्तातलं प्रमाण इतरांना मिळणाऱ्या पूर्ण डोसइतकं झाल्याचं दिसलं. ५ मिलिग्रॅमने ते मर्यादेबाहेर गेलं. त्यामुळे अनेक किडनीतज्ज्ञ कमी डोसच पसंत करतात.

डायलिसिस रुग्णांवर झालेल्या चाचण्या काय सांगतात?

२०२२ च्या अखेरीस दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले.

अमेरिकेतल्या चाचणीत अपिक्साबॅन आणि वॉरफेरिनची तुलना होती. ७६२ रुग्ण घ्यायचे ठरले होते, पण १५४ रुग्णांवरच ती थांबवावी लागली. वर्षभरात दखल घ्यावी असा रक्तस्राव अपिक्साबॅन गटात ३२ टक्के, तर वॉरफेरिन गटात २६ टक्के रुग्णांना झाला. पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गुठळी जाण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास होतं. वॉरफेरिन गटातल्यांचा आयएनआर अपेक्षित मर्यादेत राहिला तो फक्त ४४ टक्के वेळ.

जर्मनीतल्या चाचणीत ९७ रुग्ण होते. तिथे अपिक्साबॅनच्या कमी डोसची तुलना वॉरफेरिनच्याच जातीच्या फेनप्रोकुमॉनशी झाली. मोठा रक्तस्राव, दखल घ्यावी असा इतर रक्तस्राव किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही दोन्ही गटांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या वाट्याला आलं.

या दोन्ही चाचण्या इतक्या लहान आहेत की त्यावरून कोणती गोळी चांगली, हे ठामपणे सांगता येत नाही. पण डायलिसिसवर रक्त पातळ करणारी गोळी ही साधी गोष्ट नाही, एवढं या आकड्यांवरून नक्की कळतं.

आणि मूळ प्रश्न यापुढचा आहे. कोणती गोळी हा नंतरचा भाग, आधी गोळी द्यावी का? तो तपासायचा तर एका गटाला गोळी द्यायचीच नाही, अशी चाचणी हवी. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात सुमारे दीडशे रुग्णांवर अशी प्राथमिक चाचणी झाली. तिच्यात वॉरफेरिन, अपिक्साबॅन आणि कोणतीच गोळी नाही, असे तीन गट होते. अशी मोठी चाचणी करणं शक्य आहे का, हे पाहणं तिचा मुख्य हेतू होता. फ्रान्स आणि डेन्मार्कमध्येही 'गोळी विरुद्ध गोळी नाही' अशा चाचण्या हाती घेण्यात आल्या.

अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांची भाषाही म्हणूनच जपून वापरलेली आहे. पक्षाघाताचा धोका जास्त असलेल्या डायलिसिस रुग्णांना वॉरफेरिन किंवा अपिक्साबॅन देणं 'वाजवी ठरू शकतं', एवढंच त्या म्हणतात. द्यायलाच हवं, असं म्हणत नाहीत.

भारतातल्या रुग्णांसाठी वेगळं काय?

पहिली गोष्ट, आपल्याकडे वॉरफेरिनइतकीच, किंबहुना अनेक ठिकाणी जास्त, त्याच गटातली असेनोकुमारोल ही गोळी वापरली जाते. 'असिट्रॉम' या नावाने ती अनेक घरांत ओळखीची आहे. आयएनआर, पथ्य आणि इतर औषधांशी होणारी गडबड हे सगळं तिलाही लागू होतं.

दुसरी गोष्ट, लहानपणीच्या संधिवाती तापामुळे झडप आकसलेले रुग्ण भारतात अजूनही बरेच आहेत. अशा झडपेच्या आजारासोबत एएफ असेल तर नव्या गोळ्यांकडे वळता येत नाही. २०२२ मध्ये २४ देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्या गटातल्या गोळ्याच सरस ठरल्या. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनीच गोळी लागते. म्हणून गोळी ठरवण्याआधी टू-डी इको तपासणी आवश्यक असते.

गोळी नको असेल तर दुसरा मार्ग आहे का?

गुठळी ज्या कोपऱ्यात होते, तो कोपराच बंद करण्याची एक पद्धत आहे. मांडीतल्या शिरेतून नळी घालून तिथे छत्रीसारखं उपकरण बसवतात. दीर्घकाळ गोळी झेपणार नाही अशा रुग्णांसाठी हा पर्याय विचारात घेतला जातो. पण उपकरण बसवल्यावरही काही काळ रक्ताची औषधं घ्यावी लागतात, खर्च मोठा असतो आणि डायलिसिस रुग्णांमध्ये गुंतागुंतीची शक्यताही जास्त असते.

बिघडलेले संदेश देणारा भाग निष्क्रिय करण्याची अॅब्लेशन ही प्रक्रियाही आहे. डायलिसिस रुग्णांमध्ये त्यानंतर एएफ परत येण्याचं प्रमाण जास्त दिसतं. ठोके फार मंद होत असतील तर पेसमेकर लागू शकतो. अशा वेळी फिस्टुला असलेल्या हाताच्या बाजूने तारा घालणं टाळतात, कारण त्या बाजूची मोठी शीर अरुंद झाली तर डायलिसिसच अडचणीत येतं. तारा नसलेला, थेट हृदयात बसणारा पेसमेकर हाही पर्याय काही केंद्रांत मिळतो.

डायलिसिसच्या खुर्चीवर काय करता येतं?

गोळीच्या प्रश्नावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पुढच्या गोष्टींवर मात्र फारसे नाहीत आणि त्या रुग्ण, घरचे आणि डायलिसिस केंद्र यांच्या बऱ्याच अंशी हातात आहेत.

द्रावणातलं पोटॅशियम. मशीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या द्रावणात ते फार कमी असेल तर रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने कोसळतं. लिटरला २ मिलिमोलपेक्षा कमी पोटॅशियम असलेलं द्रावण वापरलेल्या रुग्णांमध्ये हृदय अचानक बंद पडण्याचा धोका जवळपास दुप्पट असल्याचं २०११ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. तुमच्या रुग्णासाठी कोणतं द्रावण वापरतात, हे विचारायला हरकत नाही.

पाणी काढण्याचा वेग. तासाला, वजनाच्या दर किलोमागे १३ मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने पाणी काढणं हृदयाला जड जातं. ६० किलोच्या माणसासाठी हा हिशेब चार तासांत सुमारे ३.१ लिटर होतो. दोन डायलिसिसच्या मधे वजन चार-पाच किलो वाढवून आलं, तर मशीनपुढे पर्याय उरत नाही. मीठ कमी केलं की तहान कमी लागते, म्हणून सुरुवात मिठापासून करावी.

बुडवलेलं डायलिसिस. लग्न, सण, प्रवास यासाठी एक पाळी चुकवली की खंड आणखी लांबतो. गावाला जायचंच असेल तर केंद्राशी आधी बोलून दिवस बदलून घ्यावा किंवा तिथल्या केंद्रात सोय करावी.

उपवासाचे पदार्थ. बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर, केळी, नारळपाणी या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर असतं. एकादशीचा फराळ आणि डायलिसिसचा मोठा खंड एकत्र आले तर धोका वाढतो. उपवास करायचाच असेल तर काय आणि किती खायचं, हे आहारतज्ज्ञांना विचारावं.

'लो सोडियम' मीठ. आरोग्यदायी म्हणून विकल्या जाणाऱ्या या मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. डायलिसिस रुग्णासाठी ते नेहमीच्या मिठापेक्षा घातक ठरू शकतं.

गोळी सुरू असेल तर काय सांभाळावं?

• गोळी स्वतःहून बंद करू नये आणि चुकलेली गोळी भरून काढायला दुप्पट डोसही घेऊ नये.
• आयएनआरचं रक्त डायलिसिस सुरू होताना, हेपॅरिन देण्याआधी काढून घेता येतं. वेगळी फेरी आणि वेगळी सुई दोन्ही वाचतात.
• वॉरफेरिन किंवा असेनोकुमारोल घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू किंवा तोडू नयेत. प्रमाण साधारण सारखं ठेवावं.
• अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्यातल्या अनेकांमुळे पोटात रक्तस्राव होऊ शकतो.
• डायलिसिसच्या टेक्निशियनला गोळीची कल्पना द्यावी. हेपॅरिनचं प्रमाण कमी करायचं का, हे त्यावरून ठरतं.
• दात काढायचा असेल किंवा छोटी शस्त्रक्रिया असेल तर आधी सांगावं.

डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत?

• एएफ कायम आहे, की फक्त डायलिसिसच्या वेळी येतो आणि जातो?
• आधी कधी पक्षाघात किंवा मोठा रक्तस्राव झालेला असेल, तर निर्णयात काय फरक पडतो?
• अॅस्पिरिन आणि ही गोळी दोन्ही चालू ठेवायच्या का?
• कोणती गोळी, किती डोस, आणि तोच डोस का?
• हृदयरोगतज्ज्ञ आणि किडनीतज्ज्ञ यांचं आपसात बोलणं झालं आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बऱ्याचदा एका तज्ज्ञाने सुरू केलेली गोळी दुसऱ्याने बंद केलेली असते आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच फायलीत असतात. ही फाइल दोघांनाही दाखवावी.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. यात मिनिटं मोजावी लागतात. काळी, डांबरासारखी शौचास होणं, रक्ताची उलटी, अचानक तीव्र डोकेदुखी, पडून डोक्याला मार लागणं किंवा फिस्टुलामधून दाबूनही न थांबणारं रक्त, ही रक्तस्रावाची लक्षणं आहेत. शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटणं यातही वाट पाहू नये. पोटॅशियम खूप वाढल्याची ती खूण असू शकते. रुग्णालयात पोचल्यावर रुग्ण डायलिसिसवर आहे आणि शेवटचं डायलिसिस कधी झालं, हे आधी सांगावं.

पुढे काय?

रक्त गोठण्याच्या साखळीतला अकरावा घटक अडवणाऱ्या औषधांवर सध्या काम सुरू आहे. त्यामुळे गुठळी टळावी, पण रक्तस्राव फार वाढू नये, अशी अपेक्षा आहे. डायलिसिस रुग्णांवरच्या सुरुवातीच्या अभ्यासांत अशी काही औषधं बऱ्यापैकी सुरक्षित दिसली. पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये यातल्या असुंडेक्सियान या औषधाची एएफच्या इतर रुग्णांवरची मोठी चाचणी थांबवावी लागली, कारण पक्षाघात टाळण्यात ते अपिक्साबॅनपेक्षा कमी पडलं.

तोवर गोळी द्यायची की नाही, हे प्रत्येक रुग्णाचं वय, आधीचे आजार, पडण्याची शक्यता आणि त्याची स्वतःची इच्छा पाहूनच ठरवावं लागतं. एखाद्याला पक्षाघाताने अंथरुणाला खिळण्याची भीती जास्त वाटते, तर एखाद्याला पुन्हा रक्तस्राव होऊन भरती व्हायचं नसतं. दोन्ही गोष्टी डॉक्टरांसमोर बोलायला हव्यात. हा निर्णय एकदा झाला की कायमचा, असंही नाही. रक्तस्राव झाला, पडणं वाढलं, नवं औषध सुरू झालं, की तो पुन्हा तपासावा लागतो. आणि किडनी प्रत्यारोपण होऊन नवी किडनी नीट काम करू लागली, तर औषधांचा निचरा पुन्हा सुरू होतो आणि गोळीचा सगळा हिशेब नव्याने मांडता येतो.